पुरे म्हणजे किती?

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझी शाळा पहिलीपासून कॉन्व्हेंट. ‘एकोणसाठ’ म्हणजे फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन, यावर मला आजही एक सेकंद थांबावं लागतं. आणि मराठी विभागाच्या संपादकांनी माझ्याकडूनच आकड्यांनी भरलेला लेख मागितला! म्हणून सगळे आकडे अंकांत लिहिलेत. मनातल्या मनात वाचा, मोठ्याने वाचायला लावू नका.

विषय निघाला तो आमच्या रूममध्ये. सबमिशनचा आठवडा, रात्रीचा दीड वाजलेला, लाइट गेलेली. जर्नल तसंच अर्धवट टाकून माझी रूममेट गॅलरीत आली आणि म्हणाली, “मी पस्तिसाव्या वर्षी रिटायर होणार.” आम्ही हसलो. हिची एम-थ्री अजून निघालेली नाही, कॅम्पसला कंपन्या यायला वर्ष आहे आणि ही रिटायर होणार! पण ती सीरियस होती. मोबाइलच्या उजेडात तिने जर्नलच्या मागच्या पानावर गणित मांडलं. सकाळपर्यंत मीही तेच गणित करत होते. फरक एवढाच की ती स्वतःचं करत होती, आणि मी माझ्या पप्पांचं. ते का, हे पुढे येईलच.

तर आधी गणित.

अमेरिकेत या विचाराला ‘फायर’ म्हणतात. आगीचा संबंध नाही. ‘फायनान्शियल इंडिपेन्डन्स, रिटायर अर्ली’ या शब्दांची ती आद्याक्षरं. म्हणजे असं, की काटकसरीने राहायचं, पगाराचा मोठा हिस्सा गुंतवायचा, आणि त्या गुंतवणुकीच्या उत्पन्नावर घरखर्च भागायला लागला की पगारासाठी नोकरी करणं थांबवायचं. साठीची वाट बघायची नाही.

ही कल्पना लोकांपर्यंत पोचवणाऱ्यांत जो डोमिंग्वेझ हा माणूस महत्त्वाचा. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गरिबीत वाढलेला, पुढे वॉल स्ट्रीटवर विश्लेषक झालेला. १९६९ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी त्याने नोकरी सोडली ती कायमची. व्हिकी रॉबिन या सहकारी लेखिकेबरोबर त्याने १९९२ मध्ये ‘युअर मनी ऑर युअर लाइफ’ हे पुस्तक लिहिलं. १९९७ मध्ये तो गेला, तेव्हा ५८ वर्षांचा होता. आपल्याकडे राज्य सरकारचे बहुतेक कर्मचारी ज्या वयात निवृत्त होतात, त्या वयात. नोकरी सोडल्यावरची २७ वर्षं त्याला मिळाली. नेहमीच्या वाटेने गेला असता तर एकही मिळालं नसतं. हे वाचलं आणि मला पहिल्यांदा वाटलं की हा नुसता आळशी लोकांचा विषय नाही.

त्या पुस्तकातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे तासाचा खरा पगार. आपल्या एका पासआउट सीनियरवर मी तो प्रयोग केला. (त्याच्या परवानगीने.) हातात येणारा पगार ३५,००० रुपये. महिन्याचे २२ दिवस, रोज ९ तास, म्हणजे १९८ तास. भागाकार केला तर तासाला साधारण १७७ रुपये. बरं आहे की! पण तो रोज जाऊन-येऊन ३ तास बसमध्ये असतो. ते तास कोणाचे? कंपनीचेच ना? मग झाले २६४ तास. शिवाय पास, बाहेरचं जेवण, ऑफिसला चालतील असे कपडे, यात ५,००० जातात. नोकरी नसती तर हे गेले नसते. उरले ३०,०००. भागिले २६४. तासाला ११४ रुपयेसुद्धा पुरते नाहीत. त्याने दिवाळीत घेतलेले १,८०० चे बूट म्हणजे आयुष्यातले जवळजवळ १६ तास. मी त्याला हे सांगितलं तर तो बुटांकडे बघत राहिला. म्हणाला, “घेतले ते बरं केलं, पण आधी सांगायला हवं होतंस.”

आता मुख्य आकडा. किती साठले म्हणजे पुरे? याचं सर्वांत गाजलेलं उत्तर विल्यम बेंगन या अमेरिकन सल्लागाराने १९९४ मध्ये दिलं. हा मूळचा एमआयटीतून विमान आणि अवकाश अभियांत्रिकी शिकलेला इंजिनिअर. (मेकॅनिकलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.) त्याने अंदाज बांधत बसण्याऐवजी १९२६ पासूनचे अमेरिकन शेअर आणि सरकारी रोख्यांचे आकडे घेतले आणि विचारलं, की समजा एखादा माणूस अमुक वर्षी निवृत्त झाला, पहिल्या वर्षी त्याने पुंजीतले इतके टक्के काढले आणि पुढे दरवर्षी महागाईइतकी रक्कम वाढवत नेली, तर पैसे किती वर्षं टिकले असते? एकेक वर्ष घेऊन त्याने हे तपासलं. पहिल्या वर्षी ४ टक्के काढले तर सर्वांत वाईट काळातही पैसे ३० वर्षं टिकत होते. पुढे त्याने स्वतःच तो आकडा वाढवून ४.७ टक्क्यांपर्यंत नेला, पण लोकांच्या तोंडी ४ च राहिला.

४ टक्के म्हणजे पंचविसावा हिस्सा. म्हणून वर्षाच्या खर्चाच्या २५ पट पैसा हवा. महिन्याच्या खर्चाच्या भाषेत ३०० पट. हा ३०० लक्षात ठेवा, फार मजेशीर आकडा आहे. मी एक महिना सगळा वरखर्च वहीत लिहिला. मेस आणि फी सोडून एकूण ३,१५० रुपये. टपरी १,१२०, रिक्षा ६८०, बाहेरून मागवलेलं ५९१, झेरॉक्स आणि प्रिंट ४१०, रिचार्ज ३४९. आता टपरीला ३०० ने गुणा. ३ लाख ३६ हजार. म्हणजे जन्मभर असाच चहा-मॅगी चालू ठेवायचा असेल तर फक्त तेवढ्यासाठी इतकी पुंजी बाजूला हवी. आणि रिक्षा? ती चैन नाही. लेडीज हॉस्टेलचं गेट साडेनऊला बंद होतं म्हणून धावतपळत करावी लागते. गेट अर्धा तास उशिरा बंद झालं तर माझ्या निवृत्तीचा आकडा २ लाख ४ हजारांनी खाली येईल. रेक्टर मॅडम, कृपया नोंद घ्यावी.

या गणितातली खरी गंमत मात्र वेगळीच आहे. पगार किती, हे त्यात महत्त्वाचं नाही! हे मला पटेना, म्हणून मी एक्सेलमध्ये करून बघितलं. शून्यापासून सुरुवात, महागाई वजा जाता ५ टक्के वाढ, आणि लक्ष्य खर्चाच्या २५ पट. पगाराच्या १० टक्के वाचवणाऱ्याला ५१ वर्षं लागतात. २५ टक्के वाचवणाऱ्याला ३२. निम्मा पगार वाचवला तर १७. पाऊण पगार वाचवला तर ७. पगार ३० हजार असो वा ३ लाख, उत्तर तेच. कारण वाचवलेला प्रत्येक रुपया दोन्हीकडून काम करतो. एकीकडून पुंजी वाढवतो, आणि दुसरीकडून लक्ष्यच खाली आणतो, कारण तुम्ही कमीत राहायला शिकलेले असता. आपण सगळे पॅकेजचं टेन्शन घेतो. समीकरणात पॅकेज कटून जातं.

पण थांबा, लगेच राजीनामा टाइप करायला घेऊ नका (आधी नोकरी तर लागू दे). ५ टक्के वाढ मी तिकडच्या पद्धतीने धरली. आपल्या घरातले बहुतेक पैसे एफडी, पीएफ आणि आईच्या बांगड्यांत असतात. महागाई वजा करून २ टक्के धरले तर निम्मा पगार वाचवणाऱ्याची १७ वर्षं साडेवीस होतात, आणि पाव पगार वाचवणाऱ्याची ३२ ची ४६. शिवाय बेंगनचा हिशोब ३० वर्षांचा. पस्तिशीत निवृत्त होणाऱ्याला ५०-५५ वर्षं काढायचीत, तीही अमेरिकेत नव्हे. म्हणून सावध लोक ४ ऐवजी ३ टक्के धरतात, म्हणजे २५ पटीऐवजी ३३ पट. रूममेटचं पस्तीस तिथेच चाळिशीच्या पुढे सरकलं. ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

आणखी एक धोका आहे, तो टाकीच्या उदाहरणाने सांगते. हॉस्टेलच्या गच्चीवरची टाकी ही तुमची पुंजी. वरून येणारं पाणी म्हणजे परतावा, खालचे नळ म्हणजे खर्च. आठवड्याला सरासरी पाणी पुरेसं येतं, असं कोणी सांगितलं तर आपण ऐकून घेऊ का? ते कधी येतं यावर सगळं आहे. १०० रुपये घ्या. दोन वर्षं, दर वर्षाच्या सुरुवातीला १० काढायचे. पहिल्या वर्षी बाजार ३० टक्के पडला आणि दुसऱ्या वर्षी ३० टक्के चढला, तर शेवटी ६८.९ उरतात. तेच उलट झालं, आधी चढला मग पडला, तर ७४.९ उरतात. काहीच काढलं नसतं तर दोन्हीकडे ९१. म्हणजे निवृत्तीनंतरची पहिलीच वर्षं वाईट निघाली तर टाकी लवकर आटते आणि नंतरचा पाऊस उपयोगी पडत नाही. बेंगनच्या आकड्यांत सर्वांत हाल झाले ते १९६० च्या दशकाच्या शेवटी निवृत्त झालेल्यांचे. समोर १९७३-७४ ची मंदी, आणि दशकभर महागाई.

इथपर्यंतचं कोणीही शिकू शकतं. मला ज्यासाठी लिहायचं होतं ते आता.

आमच्या घरात एक माणूस ३७ व्या वर्षी रिटायर झालाय. माझे आबा, म्हणजे आजोबा. मुंबईत गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, हे आपल्याला माहीत असतं. आबा वर्षभर थांबले, मग पाटण तालुक्यातल्या गावी परत आले, आणि पुन्हा कधी नोकरीला गेले नाहीत. आज ते ८० वर्षांचे आहेत. डोंगरउताराची थोडी जमीन, एक म्हैस, वर्षाला दोन धोतरं. काटकसरीचं म्हणाल तर अमेरिकेतल्या कुठल्याही पुस्तकाने त्यांच्याकडून शिकावं. जुन्या चपलेच्या टायरचा पट्टा ते दाराच्या बिजागरीला वापरतात.

लहानपणी मला वाटायचं, आबा किती सुखी! सकाळी ओढ्यावर, दुपारी कोणाच्या तरी पंपाची मोटर उघडून बसलेले (साचे दुरुस्त करणाऱ्या हाताला मोटर म्हणजे काय!), संध्याकाळी देवळात पखवाज. पंचक्रोशीत भजनाला आबांचा पखवाज लागतोच. रूममेटला मी अभिमानाने सांगितलं, “आमच्याकडे ही फॅशन चाळीस वर्षांपूर्वीच येऊन गेली.”

मग दिवाळीत गावी गेले तेव्हा वही काढली. म्हटलं, खराखुरा हिशोब करू, एवढ्या कमी पैशांत माणूस चाळीस वर्षं कसा राहिला! आबा सांगत होते, मी लिहीत होते. आजी भाकरी थापत ऐकत होती. थोड्या वेळाने म्हणाली, “आगं, आबा तुझा पखवाज वाजवीत हुता, तवा म्हशीच्या धारा कोण काढीत हुतं? त्ये बी लिव की.”

मी लिहिलं. पहाटे चारला उठणं, दूध घालायला डेअरीपर्यंत चालत जाणं, दुसऱ्यांच्या शेतात रोजाने भांगलणीला जाणं, पावसाळ्याआधी सरपण. वहीतला ‘उत्पन्न’ रकाना जवळजवळ सगळा आजीचा निघाला. आबांच्या मोटरदुरुस्तीचे पैसे बहुतेक वेळा कोणी देत नसे. आणि तेही मागत नसत.

याच्यावरून मला लायब्ररीत वाचलेलं एक प्रकरण आठवलं. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्टाल नावाचं गाव आहे. सगळं गाव एका कापडगिरणीवर जगणारं. १९२९-३० च्या सुमारास ती गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल हे तरुण अभ्यासक तिथे गेले, आणि १९३३ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अपेक्षा अशी की आता वेळच वेळ, लोक वाचतील, सभा-मंडळं चालवतील. झालं उलटंच. वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या निम्म्याच्या आसपास घसरली. पुरुष रस्त्यावर हळू चालायला लागले, मध्येच थांबायला लागले. बऱ्याच जणांनी घड्याळ वापरणं सोडलं. दिवसभर काय केलं असं विचारलं तर त्यांना धड सांगता येईना. आणि बायका? त्या भराभर चालत होत्या. त्यांची गिरणीतली नोकरी गेली होती, काम गेलं नव्हतं. स्वयंपाक, धुणं, मुलं, तुटपुंज्या भत्त्यात भागवणं, सगळं होतंच.

याहोडाबाईंनी पुढे यावर बरंच लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. नोकरी पगार देते हे तर दिसतंच. पण न सांगता ती आणखी पाच गोष्टी देते. दिवसाला आखणी, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, सगळ्यांनी मिळून करायचं काहीतरी उद्दिष्ट, समाजात एक ओळख, आणि हातपाय हलवत राहण्याची सक्ती. ‘फायर’चं समीकरण फक्त पगाराची जागा भरून काढतं. उरलेल्या पाचांसाठी एक्सेलमध्ये रकानाच नाही. आबांना त्या पाचही गोष्टी गावात सापडल्या, पखवाजात आणि मोटरीत. आमच्या चाळीतले त्यांचे कितीतरी सोबती दारूत गेले, असं ते स्वतःच सांगतात. आणि माझा टपरीचा ३ लाख ३६ हजारांचा खर्च हा वायफळ नव्हे, हेही मला तेव्हाच कळलं. तो ‘माणसांशी संबंध’ या खात्यातला आहे. एकट्याने हॉस्टेलवर चहा केला तर आकडा खाली येईल, पण मग सर्किट्सच्या शंका कोणाला विचारू?

केन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९३० मध्ये आपल्या नातवंडांच्या काळाबद्दल एक निबंध लिहिला होता. शंभर वर्षांत पुढारलेल्या देशांतली संपत्ती चार ते आठ पटींनी वाढेल, आठवड्याला १५ तास काम पुरेल, आणि मग उरलेल्या वेळेचं करायचं काय हाच माणसापुढचा मोठा प्रश्न असेल, असं त्याचं भाकीत होतं. संपत्ती त्या प्रमाणात वाढली. १५ तासांचा आठवडा काही आला नाही. मला वाटतं, संपत्तीबरोबर ‘पुरे’ची रेघही वर सरकत गेली. पण आजीच्या हिशोबानंतर मला आणखी एक शंका आहे. केन्सने १५ तास मोजले ते कोणाचे? धारा काढणारीचे धरले होते का?

मराठीत याचं एक प्रामाणिक उदाहरण आहे. डॉ. अनिल अवचट (१९४४-२०२२). डॉक्टर होऊन प्रॅक्टिस केली नाही. लेखन, लाकडातली शिल्पं, बासरी, ओरिगामी, आणि आयुष्यभर फिरून माणसांचे प्रश्न समजून घेणं. मुलींना महापालिकेच्या शाळेत घातलं, राहणी मुद्दाम साधी ठेवली. हे सगळं जमलं कारण पत्नी डॉ. सुनंदा अवचट नोकरी करत होत्या, आणि त्यांनी ही गोष्ट कधी लपवली नाही. पुढे १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं त्यातही सुनंदाताईंचा वाटा केवढा मोठा. दुसरं उदाहरण आपल्या जातीचं, म्हणजे इंजिनिअरचं. दिलीप कुलकर्णी यांनी टेल्कोतली नोकरी सोडली आणि पुढे पत्नीसह दापोली तालुक्यातल्या कुडावळे गावात कमीत कमी गरजांचं राहणं स्वीकारलं. ‘गतिमान संतुलन’ हे मासिक तिथूनच चालवलं. पर्यावरणाचा विचार म्हणून त्यांनी गरजा कमी केल्या, लवकर निवृत्त व्हायचं म्हणून नव्हे. दोन्हीकडे नोकरी सोडली म्हणून काम सुटलं असं झालं नाही, उलट वाढलं. आणि दोन्हीकडे नवराबायकोने मिळून ठरवलं होतं. आमच्या आजीला कोणी विचारलं नव्हतं.

आता पप्पा.

संप झाला तेव्हा पप्पा ९ वर्षांचे होते. दहावीला त्यांना चांगले मार्क होते. डिप्लोमा करायचा होता, पण पैसे नव्हते, म्हणून कऱ्हाडला आयटीआयचा टर्नरचा ट्रेड केला आणि पुण्याकडे आले. तेव्हापासून लेथवर. आज ५२ वय आहे. माझी शाळेची फी, बसचे पैसे, नाताळच्या कार्यक्रमाला चांदीच्या कागदाचे पंख, हे सगळं त्यांच्या ओव्हरटाइममधून आलं. शाळेत पालकसभेला इंग्रजीत बोलावं लागेल म्हणून ते यायचे नाहीत, मम्मीला पाठवायचे. मला तेव्हा राग यायचा. एकदा शाळेने फी दोन महिने थकली म्हणून मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. त्या आठवड्यात पप्पा घरी फक्त झोपायला आले.

मी त्यांना आबांचं कौतुक सांगत होते, फायर, २५ पट, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “आबांना पुरत होतं गं. मला पुरत नव्हतं.”

यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि अजूनही सुचलेलं नाही. आबांचा काही दोष नव्हता, त्यांनी निवृत्ती मागितली नव्हती. पण ज्याला आपण एका माणसाचा खर्च म्हणतो, तो खरं तर तीन-चार माणसांच्या मध्ये असतो. रूममेटच्या गणितात ती एकटी आहे. आईबाबा नाहीत, धाकटा भाऊ नाही, कोणाचं आजारपण नाही. हे ज्यांच्या घरी नाही त्यांनी जरूर ३५ ला निवृत्त व्हावं. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी मुलांची पुंजी म्हणजे आईबाप, आणि आईबापांची पुंजी म्हणजे आपण. बेंगनने ही गुंतवणूक कुठल्या रकान्यात टाकली असती कोण जाणे.

तरी मी पप्पांचा हिशोब पुरा केला, त्यांच्याच स्वयंपाकघरात बसून. मम्मीलाही शेजारी बसवलं, कारण वहीचा धडा मी आजीकडून शिकले होते. घरखर्च महिना २२,०००. गुणिले ३००, म्हणजे ६६ लाख. (८५ पर्यंत धरलं तर ३३ वर्षं होतात, बेंगनच्या ३० च्या जवळ, म्हणून २५ पटच धरली. अमेरिकेचा आकडा आहे, हे मी सांगून टाकलं.) जवळ आहेत पीएफ वगैरे धरून २४ लाख. ४२ लाख कमी. मम्मीच्या ब्लाउजच्या शिलाईचे महिन्याला सरासरी ४,००० येतात. ते ती जोपर्यंत मशीन चालवेल तोपर्यंत खर्चातून वजा केले तर लक्ष्य १२ लाखांनी उतरतं. मम्मी म्हणाली, “म्हणजे माझं मशीन १२ लाखांचं?” आणि बराच वेळ हसत होती. तरीही ३० लाख कमीच. माझं शैक्षणिक कर्ज मी वेगळं धरलंय, ते मी फेडणार.

थोडक्यात काय, लवकर निवृत्ती त्यांच्या नशिबात नाही. फायरवाल्यांकडे मधली एक वाट मात्र आहे. जमलेल्या पुंजीला हात लावायचा नाही, ती आपोआप वाढू द्यायची, नवीन भर घालायचा हट्ट सोडायचा, आणि चालू खर्च भागेल इतकंच काम करायचं. पूर्ण थांबणं नाही, नुसतं सैल करणं. मी ते समजावलं. पप्पांनी कागद घडी करून कालनिर्णयच्या मागे खोचला आणि कामावर गेले. मला वाटलं, संपलं.

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. इंटरनल्स चालू होत्या, मी म्हटलं काय झालं? म्हणाले, “काही नाही. ते तुझं गणित. महिन्याला दोन रविवार ओव्हरटाइम करतो, त्याचे पाच हजार येतात. ते सोडले तर अठ्ठावन्नला किती कमी पडतील?”

मी जर्नलच्या मागे केलं. ५,००० गुणिले ७२ महिने. व्याज आणि महागाई एकमेकांना खातात असं धरून ३ लाख ६० हजार.

“म्हणजे किती महिन्यांचा घरखर्च?”

“सोळा.”

थोडा वेळ लेथचा आवाज येत होता. मग म्हणाले, “चालेल. आबांचा पखवाज शाई लावायला पुण्यात आणलाय. मिळाला की रविवारी बसून बघतो, हात वळतो का.”